न्यूट्रिशन-डाएटेटिक्सच्या डिग्रीत तीन वर्षं नक्की शिकवतात तरी काय?

सातारचा_गडी

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. तिची बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आवडीचं, आणि आता ती अडून बसलीये की न्यूट्रिशन-डाएटेटिक्सच करायचं. मी स्वतः जिममध्ये ट्रेनर आहे, तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केलाय, त्यात कॅलरी कशा मोजायच्या, प्रोटीन-कार्ब-फॅटचं गणित, वजन कमी करायला काय, मसल वाढवायला काय हे सगळं होतं आणि माझं काम त्यावर व्यवस्थित चालतं. म्हणून मनापासून प्रश्न पडलाय की तीन महिन्यांत एवढं होतं तर तीन-चार वर्षं आणि त्यावर परत एमएस्सी, एवढा वेळ शिकवतात काय? आई म्हणते पोरीची हौस आहे तर करू दे, अण्णांचं म्हणणं बाहेरगावी होस्टेलचा खर्च करून आहार शिकायला पाठवायचं म्हणजे नीट माहिती काढ आधी. तर रोज वर्गात काय चालतं, प्रॅक्टिकल असतात का, केमिस्ट्री किती असते (तिला केमिस्ट्रीची धास्ती आहे), आणि शिकून तिला असं काय येईल जे मला येत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा. कॉलेजच्या वेबसाइटवर विषयांची नुसती नावं आहेत, त्यावरून काही कळत नाही.

---

लॅबकोटवाली

दादा, मी बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही यातच केलंय, आता फूड टेस्टिंग लॅबमध्ये आहे, त्यामुळे केमिस्ट्रीबद्दल मीच बोलते. केमिस्ट्री आहे, आणि भरपूर आहे. पहिल्या वर्षी ह्यूमन फिजिओलॉजी, बेसिक बायोकेमिस्ट्री, फूड सायन्स असं सगळं एकदम अंगावर येतं. साखर ओळखायची बेनेडिक्ट टेस्ट, प्रोटीन ओळखायची बाययुरेट टेस्ट इथून सुरुवात होते, मग लिंबात क जीवनसत्त्व किती ते टायट्रेशन करून काढायचं, सॉक्सलेट नावाच्या उपकरणावर फॅट काढायचं, मफल फर्नेसमध्ये पदार्थ जाळून राख तोलायची म्हणजे त्यातली एकूण खनिजं किती ते कळतं. पण अकरावी-बारावीची केमिस्ट्री आणि ही यात फरक हा की इथे प्रत्येक रिअ‍ॅक्शनला खाण्याचा संदर्भ असतो, त्यामुळे माझ्या बॅचमधल्या केमिस्ट्रीला घाबरणाऱ्या पोरीसुद्धा रुळल्या.

एक उदाहरण देते जे तुमच्या कामाचं आहे. प्रोटीन पावडरच्या डब्यावर प्रोटीन २४ ग्रॅम लिहिलेलं असतं ना, ते मोजतात कसं? नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे केल्डाल पद्धतीत, प्रोटीन थेट मोजतच नाहीत. सॅम्पल कडक सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये तापवून विरघळवायचं, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा, टायट्रेट करायचा, आणि जो नायट्रोजन येईल त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरलेलं आहे. आता यात पळवाट कुठे आहे बघा. नायट्रोजन कुठूनही आला तरी मशीनला तो प्रोटीनच वाटतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं ते याचसाठी, पाणी घातलेलं दूध टेस्टमध्ये प्रोटीनला पास व्हावं म्हणून, आणि लहान बाळांच्या किडनीत खडे झाले, काही दगावली. प्रोटीन पावडरमध्ये ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो अ‍ॅसिड टाकून आकडा फुगवतात ती पण त्याच जातीतली लबाडी. लॅबच्या टेबलावर स्वतः केल्डाल केलेली मुलगी डब्यावरचा आकडा वाचते तेव्हा तिला तो आकडा कुठून आला हे माहीत असतं. दुकानात डबा हातात घेतला की मी आजही आधी मागची घटकांची यादी वाचते.

दुसरं म्हणजे वजनकाटा. फूड लॅबमध्ये सगळं कच्चं आणि शिजवलेलं दोन्ही तोलायला लावतात. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच-तीनपट होतो, म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम भात यात कॅलरीचा किती फरक पडला बघा, आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये लोक नेमकी इथेच गल्लत करतात. आम्हाला वाट्या, फुलपात्रं, पळ्या, चमचे सगळं मापून वहीत लिहून ठेवायला लावलं होतं, वरणाच्या एका वाटीत कच्ची डाळ किती, उसळीच्या वाटीत किती, घट्ट वरण आणि पातळ आमटी वेगळी. हे तेव्हा कंटाळवाणं वाटायचं पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आणि मायक्रोबायोलॉजी असते, ती विसरू नका. शिळा भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे स्पोअर जे शिजवताना मरत नाहीत ते वाढतात आणि जे टॉक्सिन करतात ते सकाळी फोडणी दिली तरी जात नाही. फोडणीचा भात खा की, पण रात्रीच गार करून फ्रिजमध्ये टाकलेल्या भाताचा.

---

वॉर्डातली_ताई

मी क्लिनिकल डाएटिशियन, मोठ्या हॉस्पिटलात आहे, सकाळच्या राउंडनंतर लिहितेय म्हणून विस्कळीत असेल तर सांभाळून घ्या. वरच्या ताईंनी लॅबचं सांगितलं, मी आजारी माणसाचं सांगते, कारण भाऊ तुमचे क्लायंट धडधाकट आहेत आणि डाएटेटिक्सचा अर्धा अभ्यास धडधाकट नसलेल्यांचा आहे.

साधं शहाळं घ्या. सगळ्यांच्या लेखी शहाळ्यासारखं चांगलं काही नाही, पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा दोन शहाळी घेऊन येतो. पण ज्याची किडनी निकामी होत आलीये, डायलिसिस चालू आहे, त्याच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि हार्टची लय बिघडवतं, माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. तीच गत बाजारात मिळणाऱ्या लो सोडियम मिठाची, बीपी आहे म्हणून घरचे हौसेने आणतात, पण त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे किडनीच्या पेशंटला ते साध्या मिठापेक्षा घातक. मग आम्ही बटाटा, भाज्या कशा करायच्या ते शिकवतो, सालं काढून बारीक चिरायच्या, भरपूर कोमट पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उकडायच्या, तेही पाणी टाकायचं. जे पाणी एरवी "त्यातच सगळं सत्त्व आहे, फेकू नका" म्हणून सांगतो तेच इथे फेकायला सांगायचं, आणि दोन्ही सल्ले खरे. कुणाला कोणता हे कळायला रक्ताचे रिपोर्ट वाचता यावे लागतात आणि ते का वाढले-घटले ते कळायला फिजिओलॉजी लागते, म्हणून ती पहिल्या वर्षात.

अजून एक. रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असलेला पेशंट, त्याला कुणीतरी सांगतं पालेभाजी बंद. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं हे खरं, पण बंद नाही करायची, रोज साधारण सारखीच ठेवायची, कारण गोळीचा डोस त्या खाण्याला धरून बसवलेला असतो. आज शून्य आणि रविवारी माहेरी गेल्यावर परातभर मेथी असं झालं की गडबड.

आणि सगळ्यात भीती ज्याची वाटते ते रिफीडिंग. बरेच दिवस उपाशी किंवा जवळजवळ काही न खाल्लेला माणूस आला की नातेवाइकांना वाटतं आता भरपूर खाऊ घाला, ताकद येईल. एकदम भरपूर दिलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढला जातो, रक्तात एकदम कमी पडतो आणि माणूस खायला मिळाल्यामुळे दगावतो. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतून आणि कैदेतून सुटलेल्या लोकांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. म्हणून थोड्यापासून सुरुवात, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व आधी, रोज रक्त तपासत हळूहळू वाढवायचं. नळीतून फीड देताना किती एमएल, किती तासांनी, हे आम्ही कागदावर गणित मांडून डॉक्टरांशी बोलून ठरवतो.

पण मला विचाराल तर शिकण्यातली खरी अवघड गोष्ट आहे माणसाला विचारणं. याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं. ऐकायला सोपं आहे. "काल काय खाल्लं?" "काही नाही हो मॅडम, दोन पोळ्या आणि भाजी." मग तुम्ही विचारत जायचं, पोळी केवढी, हातभर की फुलका, तेल लावून की कोरडी, भाजीत दाण्याचं कूट होतं का, तेल महिन्याला घरात किती लागतं आणि माणसं किती, चहा किती वेळा, कपाने की पेल्याने, चहाबरोबर खारी का बटर, दुकानावर बसता तर तिथे काय येतं, चतुर्थीला काय करता. त्या दोन पोळ्यांमधून कधीकधी दिवसाला पाच चहा आणि प्रत्येक चहात दोन चमचे साखर निघते, आणि शुगर का उतरत नाही ते तिथे कळतं. आवाज चढवायचा नाही, चेहऱ्यावर नापसंती दिसू द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी पेशंट तुम्हाला आवडेल तेच सांगतो. इंटर्नशिपमध्ये सीनियर मागे उभी राहून ऐकायची आणि बाहेर आल्यावर सांगायची, तू साबुदाण्याचं विचारलंच नाहीस, काल एकादशी होती. हे कुठल्याही ऑनलाइन व्हिडिओतून येत नाही, पेशंटसमोर बसूनच येतं.

---

सातारचा_गडी

ताई दोघींचे मनापासून आभार, हे रिफीडिंगचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बहीण शेजारी बसून वाचतीये. एक शंका, माझ्या कोर्समध्ये किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन सरसकट सांगितलं होतं, आणि सरकारी आकडा म्हणे ०.८३ आहे. एवढा फरक का? आणि ०.८३ असा अपूर्णांकातला आकडा येतो कुठून?

---

शिकवणी_आणि_फळा

हा प्रश्न मला आवडला कारण मी हाच टॉपिक शिकवतो, न्यूट्रिशन विभागात स्टॅटिस्टिक्स आणि आहार गणन घेतो.

सातारकर, प्रत्येक माणसाची गरज वेगळी, सारख्या वजनाच्या दोन माणसांचीही वेगळी. संशोधनातून आधी अशी पातळी काढतात जिच्यावर निम्म्या लोकांची गरज भागते. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसासाठी ती किलोमागे ०.६६ ग्रॅम आहे. पण निम्म्यांना पुरेल तेवढंच सांगितलं तर उरलेले निम्मे कमी पडणार. म्हणून त्यावर दोन स्टँडर्ड डेव्हिएशन (माणसामाणसातला फरक मोजायचं माप) चढवतात, म्हणजे जवळजवळ सगळ्या, साडेसत्त्याण्णव टक्के निरोगी लोकांना पुरेल असा आकडा मिळतो, तो ०.८३. ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम झाले. आणि हे चांगल्या प्रतीच्या प्रोटीनसाठी. आपल्याकडचं ताट मुख्यतः धान्याचं, तिथे किलोमागे १ ग्रॅम धरतात. का? तर तांदूळ-गव्हात लायसिन हे अमिनो अ‍ॅसिड कमी, डाळीत लायसिन चांगलं पण मेथिओनिन हे दुसरं कमी, दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात, वरणभात आणि खिचडी ही त्या अर्थाने पक्की जोडी. तुमचा दोनचा आकडाही हवेतला नाही, जोरदार व्यायाम करणाऱ्यांसाठी स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्ये १.४ ते २ ग्रॅम सांगतात. पण तो त्यांच्यासाठी. सकाळी अर्धा तास ट्रेडमिलवर चालणाऱ्या साठीच्या काकांना, त्यात शुगरमुळे किडनीवर परिणाम सुरू झालेला असेल तर, तो आकडा लावायचा नाही. आकडा कुणाचा आहे हे ओळखणं यालाच आम्ही तीन वर्षं घालवतो.

मुलांच्या हातात पहिल्या दिवसापासून इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स असतात, हैदराबादच्या एनआयएनचे, २०१७ चे, ५२८ खाद्यपदार्थांचे. देशातल्या वेगवेगळ्या भागांतून नमुने गोळा करून तपासलेले. ही संस्था सुरू झाली १९१८ मध्ये कुन्नूरला, रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरच्या हाताखाली, बेरीबेरी या ब-१ च्या कमतरतेच्या आजाराच्या चौकशीसाठी एका छोट्या खोलीतून, हैदराबादला आली १९५८ मध्ये. तिथल्या कामातलं एक मी वर्गात दरवर्षी सांगतो. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा, म्हणजे नायसिन (ब-३) जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, दिसायचा, उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, भ्रम. जगभर हा आजार मक्याशी जोडलेला, इथे तर मका कुणी खात नव्हतं. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन हे अमिनो अ‍ॅसिड त्यामागचं कारण असावं. पुढे त्यावर बराच वादही झाला आणि तो वाद मी मुलांना मुद्दाम वाचायला लावतो. ज्वारी वाईट असा अर्थ कुणी काढू नये हं, भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी असेल तर काहीच प्रश्न नाही, ज्यांच्या ताटात फक्त भाकरी होती त्यांची ती गोष्ट आहे. आहारशास्त्र शिकताना गरिबी शिकावीच लागते.

---

डोंगरातली_पोषणवाली

सरांचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मी कम्युनिटी न्यूट्रिशनमध्ये एमएस्सी केली, आदिवासी भागात अंगणवाड्यांसोबत काम करते. बहिणीला सांगा हॉस्पिटल आणि जिम सोडून हाही एक रस्ता आहे आणि फार कमी मुली इकडे येतात.

आमच्या बॅगेत एक रंगीत पट्टी असते, दंडाचा घेर मोजायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते मूल तीव्र कुपोषित, पट्टी लाल दाखवते. साडेअकरा ते साडेबारा पिवळी. पट्टी लावायची कुठे तर डाव्या दंडाच्या बरोबर मधोमध, आवळायची नाही, सैल नाही, मूल रडत असतं, हात ओढत असतं. कॉलेजात याची प्रॅक्टिस एकमेकींच्या हातावर केली होती, खरं मूल हातात आलं तेव्हा कळलं किती नाजूक काम आहे ते.

वॉर्डातल्या ताईंनी रिफीडिंगचं सांगितलं तेच इथे होतं. खूप खंगलेलं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आलं की त्याला आधी एफ-७५ नावाचं खास दूध देतात, १०० मिलिला ७५ कॅलरी, प्रोटीन मुद्दाम कमी. जीव सावरला, भूक लागायला लागली की मग एफ-१००. आईला वाटतं माझं लेकरू एवढं सुकलंय आणि ह्या पातळ दूध पाजतात. तिला समजावायचं काम आमचं, आणि तिच्या बोलीत.

आता नाचणीचं सांगते, कारण हे मला आख्ख्या अभ्यासक्रमात सर्वात जास्त आवडलेलं प्रॅक्टिकल. लहान मुलाचं पोट मुठीएवढं. त्याला पिठाची पेज दिली तर घट्ट पेज गिळता येत नाही म्हणून आई पाणी घालते, पातळ केली की पोट पाण्यानेच भरतं, पीठ जातं दोन चमचे. यावर उपाय आपल्या आज्यांकडे होताच, नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, अगदी हलकी शेकायची आणि दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्च तोडतं. वर्गात आमच्या मॅडमनी चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज शिजवली, खाली उतरवून जरा निवू दिली आणि त्यात एकच चमचा मोडाचं पीठ ढवळलं, थोड्या वेळात ती पेज ओतता यायला लागली. पाण्याचा थेंब घातला नव्हता. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ, जास्त ताकद. म्हणूनच फार भाजायचं नाही, जास्त भाजलं तर एन्झाइम मरतं आणि सगळी मेहनत वाया. शिवाय मोड आल्याने फायटेट कमी होतात, लोह-कॅल्शियम अंगी लागायला मदत होते, आणि नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशातच नाही. हे मी अंगणवाडीच्या चुलीवर बायांसमोर करून दाखवते तेव्हा म्हाताऱ्या बाया म्हणतात, हे तर आम्ही करायचो की, मग बंद का पडलं? बाजारातल्या बिस्किटाच्या पुड्याने बंद पडलं. पाच रुपयांचा पुडा दुधात किंवा चहात बुडवून देणं सोपं, आणि आई दिवसभर मजुरीवर, तिला मोड आणायला वेळ कुठला. मग कुणी करायचं, बचत गट करेल का, दळण कोण आणेल, हे सगळं ठरवणं म्हणजे कम्युनिटी न्यूट्रिशन.

किशोरवयीन मुलींना लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या चहाबरोबर घेतात कारण सकाळी पोटात जाणारी पहिली गोष्ट चहाच. चहातल्या टॅनिनने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी वाटणारीला हे माहीत असेल तर ती सांगेल की चहा नंतर तासाभराने, गोळीबरोबर लिंबू-पाणी किंवा आवळा. एवढंसं वाक्य, पण कुणीतरी शिकलेलं असावं लागतं.

---

आरडी_व्हायचंय

थोडं व्यवहाराचं, अण्णांसाठी. मी सध्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नुसत्या बीएस्सीवर हॉस्पिटलात चांगली जागा मिळणं कठीण, पुढे एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा, हॉस्पिटल इंटर्नशिप आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, हा नेहमीचा रस्ता. सुरुवातीचा पगार फार नसतो हे आत्ताच घरी बोलून घ्या, नंतर मुली निराश होतात. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट यांचा समावेश झालाय, त्यामुळे पुढे नोंदणीला महत्त्व येणार, म्हणून कोर्स मान्यताप्राप्त विद्यापीठाचाच घ्या.

कॉलेजं: मुंबईत एसएनडीटीचं जुहू कॅम्पसवरचं होम सायन्स कॉलेज आणि निर्मला निकेतन ही जुनी नावं, मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, तिथे न्यूट्रिशन मोठ्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतं. पुण्या-नागपुरातही आहेत. कोणतंही बघायला गेलात तर ब्रोशर राहू द्या, थेट दोन गोष्टी विचारा, केमिस्ट्रीची लॅब दाखवा, आणि इंटर्नशिपला कुठल्या हॉस्पिटलात पाठवता. लॅबमध्ये वापरातल्या वस्तू दिसतात की कुलूप, ते बघितलं की कळतं.

---

सातारचा_गडी

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. अण्णांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, नाचणीच्या इथे आईने मध्येच थांबवून आजी कशी करायची ते सांगितलं. बहिणीचा प्रश्न आहे, कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे तोवर तिने काय वाचावं किंवा करावं?

---

वॉर्डातली_ताई

बारावीच्या बायोलॉजीतलं पचनसंस्था आणि उत्सर्जन संस्थेचं प्रकरण परत नीट वाच गं, आणि बायोमॉलिक्यूल्सचं, तेच पुढे लागतं. एनआयएनने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहार मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांच्या साइटवर फुकट आहेत, त्या वाच. आणि स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घे, आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचं ताट कच्चं आणि शिजवलेलं तोलून वहीत लिही, तेलाची बाटली आज किती होती, पुढच्या रविवारी किती उरली तेही. दादाचं ताट पण तोल, त्याला सांगून.